तापली की पांढरी पडते: समुद्रावरचे तीन दागिने घडवताना

८ जानेवारीला एका प्रदर्शनाचं आवाहन वाचलं. परदेशात, नोव्हेंबरमध्ये, हाताने घडवलेल्या दागिन्यांचं. विषय होता समुद्री जीवनावरची संकटं. अर्ज ३१ मार्चपर्यंत करायचा, निवड झाली तर काम १५ सप्टेंबरपर्यंत तयार हवं. नोकरी सांभाळून संध्याकाळी चांदीकाम शिकायला लागून मला सहा वर्षं झाली होती, पण घडवलेलं काही घराबाहेर पाठवायची वेळ आली नव्हती. कुणाला विचारावं, कुठून सुरुवात करावी, काहीच कळत नव्हतं. आता सगळं पार पडलंय. त्या वेळी मला जे वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहून ठेवते.

पहिले पाच आठवडे मी वाया घालवले असं वाटत होतं. वहीभर मासे, कासवं, समुद्रघोडे काढले. सगळे देखणे. पण देखणा मासा गळ्यात घातला की दिसतो तो मासा, त्याच्यावरचं संकट दिसत नाही. उदास चेहऱ्याचं कासव काढून पाहिलं, ते तर मला स्वतःलाच खोटं वाटलं. मग चित्रं काढणं बंद केलं आणि फक्त वाचत बसले. प्रत्येक संकटापुढे एकच प्रश्न लिहायचा असं ठरवलं: नेमकं काय होतं? कोणती गोष्ट कशाने बदलते?

प्रवाळाबद्दल वाचताना हात थांबला. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याचा रंग बराचसा त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. ते शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा ९० टक्क्यांपर्यंत वाटा पुरवतं. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी जेमतेम १ अंश सेल्सियसने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे नातं तुटतं. प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो. मागे उरतं पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा चुन्याचा पांढरा सांगाडा. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ अशा तीन वेळा हे जगभर एकदम घडलं. चौथी जागतिक लाट सुरू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं.

तापतं आणि पांढरं पडतं. हे तर मी दर शनिवारी करत होते!

दागिन्यांची चांदी शुद्ध नसते. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. ती मंद लाल होईपर्यंत तापवली की पृष्ठभागावरचं तांबं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून काळं पडतं. मग आम्लाच्या कोमट पाण्यात सोडली की ते काळं तांबं विरघळून जातं, चांदी तशीच राहते. पुन्हा तापवा, पुन्हा बुडवा. दर खेपेला वरच्या थरातलं तांबं कमी होत जातं आणि शेवटी खडूसारखा, चमक नसलेला पांढरा थर उरतो. सहा वर्षं ही क्रिया मी केवळ साफसफाई म्हणून केली होती. त्या रात्री भट्टीसमोर एक वाया गेलेली अंगठी चार वेळा तापवली, बुडवली आणि ती पांढरी होताना पाहून मला रडू आलं. तारीख लिहून ठेवली आहे, २३ फेब्रुवारी.

तिथून बाकीचं ठरत गेलं. संकटाचं चित्र काढायचं नाही. संकट ज्या क्रियेने येतं, तीच क्रिया धातूवर करायची. उष्णतेसाठी प्रवाळाचा ब्रोच. आम्लतेसाठी समुद्री फुलपाखराचे, म्हणजे एका इवल्या समुद्री गोगलगाईचे, कानातले. समुद्रात वाहत राहणाऱ्या मासेमारीच्या बेवारस जाळ्यांसाठी विणलेला हार. यादीत आणखी दोन दागिने होते, एक जहाजांच्या आवाजावरचा आणि एक प्लास्टिकच्या दाण्यांवरचा. ते सोडून दिले. तुम्ही असं काही पहिल्यांदाच करत असाल तर तीनावर थांबा. आठवड्याला बारा तास मिळत असतील तर सहा महिन्यांत पाच दागिने होत नाहीत.

अर्जात पाच छायाचित्रं, १५० शब्दांचं मनोगत आणि प्रत्येक दागिन्यात वापरलेल्या साहित्याचा तक्ता मागितला होता. मनोगताला चार दिवस लागतील आणि तक्ता अर्ध्या तासात होईल अशी माझी समजूत. झालं उलटंच.

ज्यांच्याकडे मी काम शिकले त्या कारागीर काकांनी जुन्या सामानाच्या डब्यातून काळ्या पोवळ्याची एक काडी काढून दिली होती. "घे, तुझ्या समुद्राला उपयोगी पडेल." बोटभर लांब, गुळगुळीत, सुंदर काडी. ब्रोचच्या तळाशी ती बसवायची असं मनात होतं. तक्त्यात मात्र रकाने होते: शास्त्रीय नाव, कुठून आणलं, केव्हा मिळवलं, कागद आहेत का. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या आधीपासून डब्यात आहे गं." एकही रकाना भरता येईना.

मग नियम वाचले. ते थोडक्यात सांगते, कारण या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाची इथेच गाठ पडते. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू आहे. ज्यांचा व्यापार जवळपास पूर्ण बंद आहे असे जीव त्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात. ज्याच्या कवचाच्या फण्या आणि डब्या बनत ते हॉक्सबिल कासव तिथे आहे. दुसऱ्या परिशिष्टातल्या जीवांना सीमा ओलांडताना निर्यात परवाना लागतो. सगळी काळी पोवळी, खडक बांधणारी कठीण प्रवाळं, राक्षसी शिंपले, नॉटिलस हा कवचधारी प्राणी आणि क्वीन काँच हा मोठा शंख, हे सगळे तिथे येतात. वस्तू जुनी आहे, घरात पडून होती, हे तोंडी सांगून चालत नाही. जुनेपणाचाही कागद लागतो.

कागद मिळाला असता तरी मी ती काडी वापरली नसती, असं आज वाटतं. नियमांच्या मागे लागले असताना खोल समुद्रातल्या काळ्या पोवळ्यांचं वय वाचनात आलं. हवाईजवळच्या एका वसाहतीचं वय ४,००० वर्षांहून जास्त निघालं होतं. माझ्या हातातली काडी किती वर्षांची, हे कुणी सांगू शकणार नव्हतं. मी ती काकांना परत नेऊन दिली. त्यांना वाईट वाटेल या भीतीने दोन दिवस जायचं टाळलं होतं. त्यांनी काडी डब्यात ठेवली आणि म्हणाले, "मग पोवळं चांदीतच घडव. तुला येतंय ते." त्यानंतर समुद्रातून काढलेलं काहीही वापरायचं नाही, हे पक्कं झालं. किनाऱ्यावर पडलेले रिकामे शंखसुद्धा नाहीत. शंखी खेकड्यांना राहायला तेच लागतात.

अर्ज २९ मार्चला गेला. उत्तर सहा आठवड्यांत येणार होतं, नऊ आठवडे लागले. त्या काळात रोज मेल बघणं हा छळ होता. २ जूनला निवड झाल्याचं कळलं, सोबत दोन अटी: जाळ्याच्या हारातला नायलॉन कुठून आणला ते लिहून द्या, आणि हार घालणाऱ्याच्या गळ्याला इजा होणार नाही अशी कडी लावा. दुसरी अट वाचून मी बराच वेळ गप्प होते. अडकलं तर सुटता यावं, एवढीच ती मागणी होती. जाळ्यात अडकणाऱ्या कासवाला ती सोय कुणी ठेवली नव्हती.

ब्रोच आधी मेणात कोरला. ओतकामात ते मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी चांदी ओतली जाते. पाच फांद्या, आणि त्यांवर प्रवाळजीवांच्या घरांचे बारीक खड्डे. दाताच्या डॉक्टरांकडची बोथट झालेली हत्यारं मेणकामाला फार चांगली, मागून घ्या. पहिला नमुना ४.५ ग्रॅमचा झाला. मेणाच्या वजनाच्या साधारण दहापट चांदी लागते, म्हणजे ४५ ग्रॅम. एवढं वजन कापडाला खाली ओढतं. मागून पोखरून तो २.२ ग्रॅमवर आणला. ओतकाम माझ्याकडे होत नाही, बाहेर दिलं. तीन आठवड्यांनी जे आलं त्यात दोन फांद्यांवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती. धातू ओतताना वायू अडकला की असं होतं. ओतणाऱ्याने कळवलं की खड्ड्यांचंच डिझाइन असल्याने ती चालून जातील असं वाटलं. आधी स्पष्ट न लिहिण्याची चूक माझी. कोणते खड्डे हवेत आणि कोणते नकोत, हे छायाचित्रावर खुणा करून द्या. आणि मेणाचा रबरी साचा आधीच करून घ्या. मी केला नव्हता, त्यामुळे सगळं पुन्हा कोरावं लागलं आणि ओतकामाचा खर्च दुप्पट झाला.

दुसरं ओतकाम १९ जुलैला हातात आलं, कानस मारून २३.४ ग्रॅम.

पांढरं करण्याचा क्रम मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. आधी सगळे डाग (तुकडे जोडायचे सांधे) द्यायचे, तेही सर्वांत जास्त तापमानाला वितळणारे, कारण पुढे सात-आठ वेळा तापवताना सांधे सुटता कामा नयेत. टाकणखार (डाग देताना लावतात तो क्षार) पुरता धुऊन काढायचा, नाहीतर त्याच्याखाली काच धरल्यासारखे चट्टे राहतात. आम्लाच्या पाण्यात लोखंडी चिमटा कधीच घालायचा नाही, घातला तर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. मी सायट्रिक ॲसिड आणि लाकडी चिमटा वापरला. ब्रोचची पोलादी पिन सगळ्यात शेवटी, न तापवता, रिव्हेटने ठोकायची. तापली की तिचा ताठपणा जातो.

सात खेपा झाल्या. तिसरीपर्यंत नुसता करडा रंग होता आणि माझा धीर सुटत चालला होता. चौथ्या खेपेला एका फांदीचं टोक पांढरं झालं, मग पांढरेपणा उतरत खाली आला. सातव्या खेपेनंतर तो ब्रोच पितळी ब्रशने घासायचासुद्धा नाही, इतका तो थर नाजूक असतो. नंतर तीन फांद्या गंधकाच्या द्रावणात क्षणभर बुडवून सोनेरी-तपकिरी केल्या आणि दोन तशाच पांढऱ्या ठेवल्या. हे द्रावण खिडकी उघडी ठेवून वापरा, आणि त्यात आम्लाचा थेंबही जाऊ देऊ नका. विषारी वायू निघतो. दोन्ही भांडी मी दोन वेगळ्या खोल्यांत ठेवत होते.

कानातल्यांचं काम त्या मानाने सरळ झालं. समुद्री फुलपाखरू म्हणजे टेरोपॉड, पाण्यात पंख मारत तरंगणारी इवलीशी गोगलगाय. तिचा शंख ज्या प्रकारच्या चुन्याचा असतो तो लवकर विरघळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राचं पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) औद्योगिक काळाच्या आधीच्या साधारण ८.२ वरून ८.१ वर आलं आहे. आकडा छोटा दिसतो, पण ती मोजपट्टीच अशी आहे की याचा अर्थ आम्लता जवळपास ३० टक्क्यांनी वाढली. २१०० साली पाणी जसं असेल असा अंदाज आहे, तसं पाणी प्रयोगशाळेत तयार करून त्यात असा शंख ठेवला गेला. ४५ दिवसांत तो विरघळत गेला. माझ्या जोडीत एक शंख अखंड आहे. दुसऱ्याचा ०.४ मिलिमीटरचा पत्रा फेरिक नायट्रेटच्या द्रावणात जाळी पडेपर्यंत खाऊ दिला. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात विरघळलेली चांदी पाण्यातल्या जीवांना विषारी असते. मी ते बाटलीत साठवलं आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे दिलं. तिथे देण्यासाठीही एक फॉर्म आहे आणि बाटलीवर नाव, प्रमाण, तारीख लिहावी लागते.

हाराने मात्र ऑगस्ट खाऊन टाकला. किनारा स्वच्छ करणाऱ्या एका गटाने वाहून आलेल्या जाळ्याचा तुकडा दिला, सोबत कधी आणि कशा प्रकारच्या किनाऱ्यावर मिळाला याची सही केलेली चिठ्ठी. पहिल्या अटीचं उत्तर तीच चिठ्ठी. प्रशांत महासागरातल्या तरंगत्या कचऱ्याच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजनाच्या हिशोबाने ४६ टक्के प्लास्टिक मासेमारीची जाळी निघाली. नायलॉन कुजत नाही. तुटून वाहून गेलेलं जाळं धरतच राहतं. अडकलेल्या माशाला खायला दुसरा येतो, तोही अडकतो.

तुकडा गोड्या पाण्यात चार दिवस भिजवला, पाणी रोज बदललं. मिठाचा अंश राहिला तर चांदी लवकर काळवंडते. नायलॉनचं टोक आगीवर वितळवून बंद करायची सवय असेल तर ती सोडा, त्याचा धूर विषारी असतो. मी टोकं गाठीत लपवली. जाळ्याची गाठ शिकायला दोन आठवडे दोऱ्यावर सराव केला, मग ०.३ मिलिमीटरची शुद्ध चांदीची तार घेतली. तार वळवत गेलं की ताठ होते आणि गाठीपाशी तुटते, म्हणून ती आधी मऊ करून घेऊन छोट्या लांबीत वापरावी लागते. जाळीचं एकेक भोक ५ मिलिमीटरचं, १,१४० गाठी, ६१ तास. गाठ मारताना मासेमारांचा विचार सारखा येत होता. सहसा कुणी आपलं जाळं मुद्दाम सोडत नाही, ते महाग असतं. हे मनोगतात नव्हतं, ते मी नंतर घातलं आणि संयोजकांना बदललेला मजकूर पाठवला. कडी चुंबकाची लावली, जरा ओढ बसली की सुटते.

आता कागद. दागिने परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट नावाची पुस्तिका काढता येते. प्रदर्शनासाठी तात्पुरत्या नेलेल्या वस्तूंवर त्यामुळे आयातशुल्क भरावं लागत नाही. व्यापारी मंडळांकडून ती मिळते आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालते. फी वेगळी आणि अनामत वेगळी. तिच्यावर नेलेली वस्तू विकण्यासाठी नसते, म्हणून संयोजकांकडून "विक्रीसाठी नाही" असं पत्र आधीच घेतलं. २५ ऑगस्टला अर्ज केला, २८ला परत आला. कानातले मी "१ जोडी" लिहिले होते आणि नगांच्या रकान्यातही १. नग दोन हवेत. दुरुस्तीत चार कामाचे दिवस गेले. प्रत्येक वस्तूला क्रमांक, साधं वर्णन, ग्रॅममध्ये वजन, किंमत आणि मूळ देश द्या. किंमत कार्नेट, विमा आणि संयोजकांच्या यादीत अगदी एकच हवी. चांदीच्या दागिन्यांचा सीमाशुल्क क्रमांक ७११३ ने सुरू होतो. पोवळ्याच्या किंवा कासवाच्या कवचाच्या घडीव वस्तूंसाठी ९६०१ आहे. त्या आकड्याशी आपला संबंध आला नाही याचं मला खूप समाधान वाटलं.

पुस्तिकेतली पिवळी पानं आपल्या देशातून जाताना आणि परतताना लागतात, पांढरी तिकडे शिरताना आणि निघताना. चार शिक्के. एक राहिला तर अनामतीवर दावा येऊ शकतो. ते काउंटर बहुधा बाजूला असतं आणि कुणी आपल्याला बोलावत नाही. दोन तास हातात ठेवा, सामान आत देण्याआधी शिक्का घ्या.

खर्चाबद्दल आता खूपजण विचारतात. प्रवास आणि परत मिळणारी अनामत सोडून एकूण खर्चाचे शंभर भाग केले तर चांदी ३८, दोन वेळचं ओतकाम २२, कार्नेट आणि विमा १९, अर्जाची फी ६, बाकी हत्यारं, रसायनं आणि पेट्या १५. ओतकामाचे निम्मे वाचले असते.

काम १२ सप्टेंबरला पूर्ण झालं आणि प्रदर्शन ६ नोव्हेंबरला उघडलं. पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभी राहून मी लोकांचे चेहरे बघत होते. बरेचजण हारापाशी थांबले. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर बाई ब्रोचपाशी आल्या, खूप वेळ वाकून पाहिलं आणि विचारलं, "यातल्या मेलेल्या फांद्या कोणत्या? पांढऱ्या?" मी म्हटलं, नाही. पांढरा पडलेला प्रवाळ अजून जिवंत असतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येऊ शकतं. नाही निवलं तर काही आठवड्यांत मरतो आणि मग त्या सांगाड्यावर भलतंच शेवाळ चढतं. त्यांनी हातात घेऊन बघू का विचारलं. नियमात बसत नव्हतं, पण मी पेटी उघडली आणि ब्रोच त्यांच्या तळव्यावर ठेवला. मोजे द्यायचं विसरले.

४ डिसेंबरला चौथा शिक्का मिळाला. अनामत सुटायला आणखी पाच आठवडे लागले, त्यासाठी वापरलेली पुस्तिका स्वतः नेऊन द्यावी लागते, आधी तिच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

घरी पेटी उघडली तेव्हा एका पांढऱ्या फांदीच्या टोकावर त्या बाईंच्या अंगठ्याचा ठसा उठलेला होता. दुधी थरावर फिकट पिवळा, त्यातल्या रेषाही दिसतात. पिन काढून, पुन्हा तापवून, बुडवून तो निघाला असता. मी ब्रोच तसाच मऊ कापडात गुंडाळून ठेवला आहे.